नऊच्या नऊ

पहिल्या तीन गाण्यांत काय टिपायचं ते टिपा, फ्लॅश मारायचा नाही, चौथं गाणं सुरू व्हायच्या आत बाहेर. फोटोग्राफरांना नियम एवढाच. स्टेजच्या पुढ्यातल्या चिंचोळ्या पट्टीत सहा जण खांद्याला खांदा लावून उभे होते. बाहेर दुपारचे चार वाजले होते. आत गायिकेच्या अंगावर एकच निळा दिवा, तोही कंजुषाच्या घरून आणल्यासारखा.

पाच जण बघत होते. सहावा ऐकत होता.

वर्षभरापासून त्याला अंधारात दिसत नव्हतं. उन्हात ठीक, दिवे मंदावले की सगळं धुकं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. पेपरच्या संपादकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मागच्या दोन कार्यक्रमांचे फोटो हलले होते, तेवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. "आज एक तरी धड फोटो दे," तो म्हणाला होता, "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." पेपर रद्दीत जायलाच जन्माला येतो. माणसंही त्याच भावानं काढतो.

पण ही गायिका त्याला पाठ होती. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती एक लांबलचक सूर लावायची, आणि तो विरत आला की दगडासारखी स्तब्ध व्हायची. इतक्या कमी उजेडात शटर सावकाश चालतं, समोरचा जरा हलला की फोटो फिसकटतो. बाकीचे पाच जण सुराच्या सुरुवातीला, तोंड उघडलं की बटण दाबायचे. हा सुराच्या शेपटीची वाट बघायचा. सभागृहाचे दिवे चालू होते तेव्हाच त्यानं माईकच्या स्टँडवर फोकस धरला होता आणि भिंग हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली होती.

तीन गाणी. तीन सूर. दर सुराला तीन खटके.

बाहेर त्याची ताई उभी होती. दंडाला धरून तिनं त्याला मागच्या खोलीत आणलं. वर्षभर ती त्याला अशीच चालवत होती. पायरी आली की पाठीवर बोटानं एक टकटक, दोन पायऱ्या असल्या की दोन. फोटोही तीच निवडायची. ती लॅपटॉपवर वाकली.

"ठोंब्या, जमलं रे! बाईंच्या पापण्या मोजून घे." मग तिनं नऊही फोटो एकेक करून पुन्हा बघितले.

"काय झालं?"

"तोंड मिटलंय."

"कुणाचं?"

"माझं कधी मिटलंय? बाईंचं. नऊच्या नऊ फोटोंत."

"काहीतरीच काय! सूर चालू होता. मी ऐकलाय."

"सूर चालू होता रे," ताई म्हणाली. "ओठ चालू नव्हते."

गायिकेच्या मॅनेजरनं बघून होकार दिल्याशिवाय एकही फोटो बाहेर जात नसे. तो आला, उभ्या उभ्या नऊही फोटो बघितले आणि मागचं दार लावून घेतलं.

"बाकी पाच जणांचे बघून आलो. सगळ्यांकडे मॅडमचं तोंड उघडं. तुला बरोब्बर नऊ वेळा मिटलेलंच सापडलं?" त्यानं आवाज खाली आणला. "मॅडमचा घसा गेलाय. आज गाणं रेकॉर्डिंगवर चाललंय, हे चारच माणसांना माहीत आहे. त्यातल्या कुणी सांगितलं तुला? नाव बोल. नाहीतर यापुढे एकाही सभागृहात पाय ठेवू देणार नाही."

"कुणीच नाही. मला..."

ताईनं त्याला चिमटा काढला. तो तरीही बोलला.

"मला अंधारात दिसत नाही, साहेब. मी कानानं फोटो काढतो."

मॅनेजर हसला. "वा! डोळसांचे हलतात, आणि आंधळ्याचे असे येतात? बरं, खरं निघालं तर तुझ्या संपादकाला मीच फोन करतो. म्हणावं, छान माणूस पाठवलात."

त्यानं खोलीतला दिवा बंद केला. दाराच्या काचेतून बाहेरचा उजेड येत होता. ताईला दिसेल एवढा.

"किती बोटं आहेत?"

त्याच्या पाठीवर ताईचं बोट वाजलं. दोनदा.

दोन म्हणावं, तर डोळे शाबूत. म्हणजे फितुरीचा आळ पक्का, आणि सगळी दारं बंद. दुसरं काही म्हणावं, तर संपादकाला फोन. इतकी वर्षं त्यानं दुसरं काहीच केलं नव्हतं. दुसरं काही येतही नव्हतं.

"किती? लवकर सांग, मला वेळ नाही."

भिंतीपलीकडचं गाणं शेवटाला आलं. तो सूर उठला, चढला, लांबला. सूर विरू लागला. कॅमेरा टेबलावर होता. त्याचा उजवा हात रिकामा होता. सुराच्या अगदी शेपटीला त्या रिकाम्या हाताची तर्जनी हवेत दाबली गेली. एकदा, दोनदा, तीनदा.

मॅनेजरनं वर धरलेला हात सावकाश खाली घेतला. दिवा लावायचं त्याला सुचलं नाही.

"ताई," मॅनेजर म्हणाला, "यांना घरी घेऊन जा. जपून न्या. बाहेर पायऱ्या आहेत."

ताईचं बोट अजून पाठीवर वाजत होतं. दोनदा. पुन्हा दोनदा.