दोन विरुद्ध एक

"आईच्या फ्लॅटचं काय करायचं ते आज ठरवूनच उठायचं," दादा म्हणाला. आई जाऊन दोन महिने झाले होते. विकायचा, भाड्याने द्यायचा की तसाच ठेवायचा, यावर आम्ही तिघं भावंडं सकाळपासून भांडत होतो. शेवटी मी चिठ्ठ्या वाटल्या आणि पसंतीचा क्रम लिहायला लावला.

भाड्याने देण्यापेक्षा विकलेला बरा, असं दोघांचं मत. ठेवण्यापेक्षा भाड्याने दिलेला बरा, असंही दोघांचंच, पण वेगळ्या दोघांचं. आणि विकण्यापेक्षा ठेवलेला बरा, असंसुद्धा दोघांचंच! म्हणजे काहीही ठरवलं तरी दोघं नाराजच.

मी हसायलाच लागलो. आई शिवणाचे क्लास घ्यायची, पण मतमोजणीच्या गणिताचं तिला वेड. ब्लाउजच्या कागदी मापांच्या पाठीवर हेच चक्र मांडून मला समजावायची. म्हणायची, "पुस्तकात असतं रे, एकदा खऱ्या माणसांत बघायचंय."

हे सांगायला नकळत मी तिला फोन लावला.

ताईच्या पर्समध्ये आईचा मोबाइल वाजला. मग ताईने तो कानाला लावला आणि आईसारखंच म्हणाली, "हं, बोल. काय सापडलं?"