सद्वर्तनाचा करंडक

देशोदेशीच्या कॅथलिक शाळांच्या त्या फुटबॉल स्पर्धेत मुलींचा एक संघ सगळ्यांच्याच डोळ्यांत भरला होता. सामन्याआधीच्या प्रार्थनेत एकीचीही मान वळायची नाही. पंचांनी धडधडीत चुकीचा निर्णय दिला, तरी कुणी ब्र काढत नसे. गुडघा फुटला तरी डोळ्यांत टिपूस नाही. “बघ, शिक जरा त्यांच्याकडून!” असं म्हणत बाकीचे आईबाप आपल्या पोरींना कोपरानं ढोसत होते.

समारोपाला सद्वर्तनाचा करंडक अर्थात त्यांनाच मिळाला.

“आमच्या पोरी म्हणजे नुसता गोंगाट हो!” करंडक देताना यजमान शाळेच्या सिस्टर त्या संघाच्या प्रशिक्षकांना म्हणाल्या. “तुम्ही यांना असं वळण लावलंत तरी कसं?”

“काही नाही हो, सिस्टर. प्रेमानं सांगितलं की ऐकतात लेकरं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोग्राफर ओरडला, “सर, कॅप्टनला जरा शाबासकी द्या ना, फोटो छान येईल!”

सरांनी हसत हसत हात उचलला.



कॅप्टननं डोळे घट्ट मिटले आणि सवयीनं गाल पुढे केला.