प्याल्यातली रेघ

प्याल्यात रेघ नव्हती. बुरुलने तो फिरवून पाहिला, दुसरा पाहिला, तिसराही पाहिला. नणंद तुर्दूकानने आजच्या दिवसासाठी कोरे पांढरे प्याले आणले होते आणि घरातले जुने, आतून निळी रेघ असलेले, कुठल्याशा खोक्यात बांधून टाकले होते.

आता शोधायला वेळ नव्हता. मुलाची आई सोनुनबू आणि तिची माणसं जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसलीसुद्धा होती. सोनुनबूच्या मांडीवर लाल डबी होती. तिच्यातली चांदीची कर्णफुलं जिबेकच्या कानांत घातली, की बुरुलची लेक त्यांच्या घरची झाली.

बुरुलने चहाच्या समोवारची तोटी उघडली. एप्रनच्या खिशातला कागद मांडीला टोचत होता. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी तो परवाच हातात ठेवला होता. ऑटिझम, जन्मापासूनचा. एकोणपन्नास वर्षं लोक जिला घुमी, तिरसट म्हणत आले, तिला खरं तर ते ऐकून हलकंच वाटलं होतं. पण हे बऱ्याचदा घराण्यात असतं, असंही बाई जाता जाता म्हणाल्या, आणि तेव्हापासून तिची नजर सारखी जिबेककडे जात होती.

तो कागद चुलीत घाल, असं तुर्दूकानने सकाळीच बजावलं होतं. सोयरे सात पिढ्या उकरून काढतात. "तुझ्यापायी पोरीचं जमलेलं मोडेल," ती म्हणाली होती.

खोलीत सगळे एकदम बोलत होते. चमचे किणकिणत होते, कुणी खो खो हसत होतं. कुठवर ओतायचं? डोळे रेघ शोधत राहिले आणि हात ओतत राहिला. सोनुनबूच्या पुढ्यात तिने काठोकाठ भरलेला प्याला ठेवला.

गप्पा थांबल्या. पाहुण्याला चहा अर्धा द्यायचा, म्हणजे पुन्हा मागायला तो बसून राहतो. काठोकाठ दिला म्हणजे, उठा आता. शेंबडं पोरही हे जाणतं.

तुर्दूकान घाईघाईने सांगू लागली, हिचं सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून. मोडलं. आपल्या हातानंच मोडलं.

"डोकं नाही दुखत तिचं," जिबेक म्हणाली. "आईला प्याल्यात रेघ लागते. नसली की तिला कळत नाही कुठं थांबायचं." तिने एक कोरा प्याला उचलून दाखवला. "मलाही लागते."

सोनुनबूने जिबेककडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. तिने भरलेला प्याला उचलला आणि सावकाश, घोट घोट करत सगळा संपवला. मग तिने मांडीवरची डबी उचलून बाजूला ठेवली. बंदच.

सोनुनबूने रिकामा प्याला पुढे केला आणि अंगठा आत घालून बरोबर मध्यावर टेकवला.

"इथवर ओता, विहीणबाई," ती म्हणाली. "आणि माझा अंगठा भाजायच्या आत थांबा."