झाकण लावलेला डबा

"नाव काढलं, चित्र काढलं. आता झाकण लावायचं," असं म्हणत इंद्रजितनं लॅपटॉपचं बटण दाबलं आणि खुर्चीत मागं रेलला.

कन्हेरीतल्या घराच्या पडवीत त्याची आई द्वारकाबाई भांडी तपासत बसली होती. शेजारच्या लग्नाला दिलेली, आजच परत आलेली.

"कुणाचं नाव काढलंस रं?"

"आपल्या ॲपचं. साखर कारखान्याचं सोताचं ॲप हाय, त्यात हे बसवायचं. दुसऱ्याच्या घरात ऱ्हायाचं म्हणल्यावर आपलं दार, आपली पाटी काढावीच लागती. बाकीचं समदं एका फाईलीत बांधायचं. लायब्ररी म्हणत्यात तिला. झाकण लावलेला डबाच समज. कुठल्याबी कारखान्याच्या ॲपात ठेव, काम करतोय. आत काय हाय ते मात्र कुणाला दिसत न्हाय."

"मग डबा कुणाचा ते कसं कळायचं?"

"मी सांगीन की!"

"व्हय बाबा. शेजारची सारजा बी मगाशी तसंच सांगत हुती, ह्ये पातेलं तिचं म्हणून." द्वारकाबाईनं पातेलं पालथं घातलं. तळाला द्वारकाबाईचंच नाव कोरलेलं होतं. "दावलं तवा गप बसली."

इंद्रजित हसला. त्याला हसू लवकर येई, कारण काळजी अशी त्याच्या वाट्याला फारशी यायचीच नाही. आत्मविश्वास म्हणाल तर पोतंभर. उद्या कारखान्यानं हो म्हटलं की नोकरीला रामराम, बारामतीत स्वतःचं ऑफिस, दारावर स्वतःची पाटी. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता. नाही म्हटलं, तर पुन्हा आहेच दुसऱ्याच्या हाताखाली मान घालून बसणं. पण नाही कोण म्हणणार?

चीजच तशी होती. म्हाताऱ्या सभासदाला टाईप करता येत नाही, तर त्यानं फोनवर नुसतं आपलं नाव बोलायचं. लगेच एक पोरगी गावाकडच्या बोलीत सांगायची, "तुमच्या उसाला अमक्या वारी तोड येणार हाय." पोरगी बोलायची अगदी घरातल्यासारखी.

"ती बोलती ती कोण?" द्वारकाबाईनं विचारलं.

"समिना. आमच्याच ऑफिसातली, लासुर्ण्याची. आवाज तिचा हाय."

आणि नेमका समिनाचाच फोन आला. स्कूटीवरून पडून पाय मोडल्यामुळं ती घरी होती.

"इंद्रजितदादा, फाईल बांधली का? चालवून बघितली?"

"एक नंबर चालतीय."

"मुद्दाम चुकीचं नाव बोलून बघितलं का?"

"चुकीचं कशाला बोलायचं? आपलं बरोबरच असतंय की."

"म्हातारी माणसं चुकत्यात हो दादा. त्यांच्यासाठीच तर केलंय ते. उद्या मी येऊ का? अब्बा गाडीनं सोडतील."

"प्लास्टरातला पाय घेऊन? येडी का खुळी तू! उद्या नुसता चहा हाय. आराम कर."

"बरं दादा," म्हणून तिनं फोन ठेवला.

"गुणाची दिसती," द्वारकाबाई म्हणाली.

"हाय की," इंद्रजित म्हणाला आणि शर्टाला इस्त्री करायला उठला.

दुसऱ्या दिवशी इंदापूरकडच्या कारखान्यावर सभागृह भरलं होतं. कारखान्याचे संगणक अधिकारी आणि सभासद विजयसिंह यांनी सकाळीच फाईल आपल्या ॲपमध्ये बसवली होती. कुठं काही अडलं नाही. विजयसिंहांनी फोन स्पीकरला जोडला आणि खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं.

"विजयसिंहराव, तुमच्या उसाला बेस्तरवारी तोड येणार हाय," पोरगी म्हणाली. "पाणी आधी बंद करा बरं का."

सभागृहात टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर तोडीची चिठ्ठी आणणाऱ्या चिटबॉयपेक्षा गोड बोलती!" आणि हशा पिकला.

चेअरमनसाहेब इंद्रजितकडं वळले. "तुम्ही एकट्यानं केलंत हे?"

"एकट्यानंच, साहेब."

"शाब्बास! पोरानं तालुक्याचं नाव काढलं." चेअरमननी विजयसिंहांकडं बघून मान हलवली. करार तयारच होता. दुसऱ्या दोन कारखान्यांची माणसंही पाहुणे म्हणून आली होती, तीही एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागली. इंद्रजितला दारावरची पाटी डोळ्यांपुढं दिसली. एक का, तीन डबे खपणार होते.

"थांबा की," पुढच्या रांगेतून सर्जेराव उठले. सगळ्यात जुने सभासद. त्यांच्या शब्दाला कारखान्यात वजन होतं. "मला बी बोलू द्या. माझ्यासारख्याला जमलं तर खरं."

"या ना आबा! बिनधास्त बोला," इंद्रजितनं स्वतः पुढं होऊन फोन त्यांच्या तोंडापाशी धरला.

चहात बुडवलेलं बिस्किट खायला कवळी कशाला, म्हणून सर्जेरावांनी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली होती. ती तशीच राहिली. त्यांनी मोठ्या हौसेनं आपलं नाव सांगितलं, पण बाहेर आली ती नुसती हवा.

इंद्रजित हसतच होता. मग स्पीकरमधून, सगळ्या सभागृहात, लासुर्ण्याचा तो गोड आवाज घुमला:

"आबा, आक्का, जे कोण असाल, नाव कळलं न्हाय मला. घाबरू नका, तुमचं काय चुकलं न्हाय. मी समिना, लासुर्ण्याच्या अय्युब तांबोळ्यांची लेक. ह्ये समदं मी एकटीनं केलंय, तवा चूक आसंल तर ती माझीच. एकडाव परत बोला."