बाद फौज

पोलंडमधल्या क्राकुफ शहरात सेवेरिनच्या फ्लॅटवर दर रविवारी वितेक, लेशेक आणि तो, असे शाळेपासूनचे तिघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने राज्यं जिंकायचे आणि कुणाची फौज भारी यावर तावातावाने भांडायचे. मिशा पिकायला लागल्या, तरी एकमत एकाच गोष्टीवर झालं होतं. मुडदे उठवणाऱ्या मांत्रिकांची फौज कुणी घ्यायची नाही. नियम सेवेरिनचाच. "पडलेला गडी उठून परत येणार असेल, तर ती लढाई कसली? शुद्ध लबाडी!"

सेवेरिनला पुरून आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी दोघं त्याच फ्लॅटवर त्याच्या आईला भेटायला गेले. "घोड्याएवढे झालात, तरी खेळताय!" म्हणून जन्मभर त्यांना फैलावर घेणाऱ्या हालिनाकाकूंनी खसखशीचा केक कापून दिला आणि त्या कॉम्प्युटरसमोरच्या लेकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"शिकवा मला. कुणाची फौज भारी?"

वितेकची जुनी खुमखुमी जागी झाली. "बुटक्यांची भिंत फुटत नाही, काकू. पऱ्यांच्या तिरंदाजांचा नेम चुकत नाही. पण सगळ्यांत भारी म्हणजे ते..."

लेशेकने त्याच्या पायावर पाय दिला.

"ते कोण?"

"ते बाद आहेत, काकू," वितेक खाली बघत म्हणाला. "त्यांचे मेलेले परत उठतात. सेवेरिनला नाही चालायचं. भयंकर चिडायचा."



"मला तेच दे," काकू म्हणाल्या. "चिडू दे त्याला. येऊन भांडू दे माझ्याशी."