बावीस नंबरचे यार्ड

समजा, शनिवारचे चार वाजलेत. दुबईतल्या एका कॉलेजच्या मैदानाकडेला, तापलेल्या लोखंडी पायऱ्यांवर तुम्ही बसला आहात. मांडीवर वही, हातात पेन्सिल. समोर तुमचा सख्खा भाऊ खेळणार आहे, आणि तुम्ही आलात ते टाळ्या वाजवायला नव्हे, चोरी पकडायला. बसलात? मग आता तुमच्या जागी अकरा वर्षांच्या शुभ्राला बसवा.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा. नावात फूट, पण चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. पळणाऱ्याला म्हणतात रनिंग बॅक. एक यार्ड म्हणजे तीन फूट; तो जितके यार्ड पुढे जाईल, तितके त्याच्या नावावर लागतात.

शुभ्राचा दादा निनाद रनिंग बॅक होता. गेल्या वर्षी अख्ख्या मोसमात त्याचे अठ्ठेचाळीस यार्ड झाले होते. यंदा सातच सामन्यांत नऊशे चाळीस. हजार झाले, तर अमेरिकेतलं एक कॉलेज त्याला फुकट शिकवणार होतं.

आकडा पहिल्यांदा खटकला तो बाबांना. चारुदत्त ऑडिटर माणूस.

"एका वर्षात वीसपट?" जेवताना ते म्हणाले. "माझ्या ऑफिसात असं दिसलं, की मी आधी लिहिणारा कोण ते बघतो."

"तुमचं आपलं काहीतरीच," आई म्हणाली. "पोरगं मेहनत करतंय. एवढी आदळआपट, पण अंगावर ओरखडा नाही. देवाची कृपा."

"खलास, बाबा! जेवताना तरी ऑडिट नको," असं म्हणून निनाद ताटावरून उठला.

तेव्हापासून शुभ्राच्या डोक्यात किडा वळवळत होता. आदळआपट होते आणि ओरखडा नाही? मग दादा तेवढा पळतच नसणार. कोणीतरी नुसते यार्ड लिहितंय. आणि लिहिणारा एकच, दादाचा वर्गमित्र इद्रीस. उद्या हे उघड झालं, तर अमेरिका तर जाईलच, पण दादाच्या नावाला कायमचा डाग लागेल. शिवाय दादा घरच्यांना सामन्याला येऊही देत नसे. म्हणे, नजर लागते.

आजचा सामना शेवटचा. हजाराला साठ यार्ड कमी. बाबा हट्टाने निघाले. अल मनखूल भागातल्या त्यांच्या इमारतीखाली गाडी धुळीने माखलेली होती.

"सगळ्यांच्या गाड्या चकाचक आणि आपली वाळवंट ओलांडून आल्यासारखी," बाबा करवादले. "हा केरू शनिवारी गडप कुठे होतो? महिन्याला दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, वर सुट्ट्या!"

केरू इमारतीतल्या गाड्या धुवायचा. संगमेश्वरकडचा, काटक, गावच्या कबड्डी मंडळाचा विटका बनियन घालणारा.

"बाबा, ही ऑल्सो नीड्स अ वीकेंड," शुभ्रा म्हणाली.

मैदानावर ती मुद्दाम इद्रीसच्या मागच्या पायरीवर बसली. इद्रीसने मान वळवली.

"तुम भी लिख रही हो?"

"जस्ट चेकिंग."

"किसको?"

"यू."

तो हसला. शुभ्राला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

खेळाडू आले. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी, खांद्यांवर जाड पॅड. कोण कुठला, ते पाठीवरच्या आकड्यावरूनच कळायचं. दादाचा आकडा बावीस. बावीस नंबरने वाकून मैदानाच्या रेघेला हात लावला आणि तोच हात हेल्मेटला टेकवला.

"बघ, संस्कार!" बाबांनी आईला कोपराने ढोसलं.

समोरचा, खोर फक्कान गावचा संघ दांडगा होता. पण बावीस नंबर चेंडू बगलेत मारून साबणासारखा निसटला. एकाच्या हाताखालून गेला, दुसऱ्याला कमरेतून हुलकावणी दिली, तिसऱ्याने पाय धरला तरी सरपटत पुढे गेला. आई टाळ्या वाजवायचीच विसरली.

"ये तेरा भाई दौड़ते हुए कुछ बड़बड़ाता है," इद्रीस म्हणाला. "सब पूछते हैं, मंतर है क्या?"

 शुभ्रा त्याच्या कागदावर डोळा ठेवून होती. तिने आठ लिहिले तेव्हा त्याने सात लिहिले. तिने अकरा लिहिले, त्याने दहा. बाकी सगळे जुळले.

सामना संपला. तिची बेरीज त्र्याहत्तर, त्याची एकाहत्तर. म्हणजे त्याच्या हिशेबानेही दादाचे एक हजार अकरा! शुभ्राचे कान तापले. चोर म्हणून ज्याच्यावर पाळत ठेवली, त्याने उलट दोन यार्ड कमीच लिहिले होते.

"सॉरी, इद्रीसभाई."

"कोई बात नहीं, हबीबी. ऑडिटर की बेटी हो."

बाबांनी वही घेतली, बेरीज दोनदा तपासली आणि चष्मा काढून पुसला. "एकूण एक यार्ड खरा आहे गं," ते आईला म्हणाले.  "मीच मेला संशयी. जा शुभ्रा, दादाला सांग. म्हणावं, बाबा चुकले."

वही छातीशी धरून शुभ्रा धावत सुटली. पुढच्या दाराशी गर्दी होती, म्हणून ती कपडे बदलायच्या खोलीच्या मागच्या बाजूला गेली. तिथलं दार अर्धवट उघडं होतं. आत बावीस नंबर बाकावर बसून धापा टाकत होता. कोपर सोलवटलं होतं, रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. आणि त्याच्यासमोर, कोरड्या ठणठणीत शर्टात, निनाद त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडवत होता.

"यल्ला, केरू, जर्सी काढ लवकर. मला बाहेर फोटोला बोलावतायत."

हेल्मेट निघालं. घामाने निथळणारा केरू दारातल्या शुभ्राला बघून ओशाळं हसला. निनादचा चेहरा पांढरा पडला.

"शुभू, वेट. आय कॅन एक्स्प्लेन."

शुभ्राने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती केरूच्या शेजारी बाकावर बसली, वहीचं पहिलं पान उघडलं, वर लिहिलेलं दादाचं नाव खोडलं आणि पेन्सिल टेकवून म्हणाली, "केरूकाका, तुमचं पूर्ण नाव सांगा."