दादाचे नवे दात

बसायच्या आधी दादाने दवाखान्यातली खुर्ची ओल्या टिश्यूने पुसली आणि मालिनीने तोंड फिरवलं. न्यू जर्सीत निवृत्त झाल्यापासून तिचा हा थोरला भाऊ दर हिवाळ्यात मिरजेला यायचा, तो बहिणीसाठी नाही, दातांसाठी. तिकडे एका दाताला लागतात तेवढ्या पैशांत इथे अख्खी बत्तिशी बसते, हे तो रिक्षावाल्यालाही ऐकवायचा, तेही नाकाला रुमाल लावून.

"इथल्या लोकांना कसली म्हणून शिस्त नाही," दादा म्हणाला. "डॉक्टर तेवढा बरा आहे. सहा इम्प्लांट बसवतोय. मग बघ, कडक भाकरीसुद्धा कशी चावून खातो."

भाकरीचं नाव निघालं आणि मालिनीला आई दिसली. आईची कवळी ढिली होऊन हिरड्या सोलायची. नवी करून घे म्हणून मालिनी तिला याच दवाखान्यात घेऊन आली होती. पण लेकाला विचारल्याशिवाय आई साधी चादर बदलायची नाही. तिने अमेरिकेला फोन लावला, लेकाचं ऐकून घेतलं आणि विषय संपवला. पुढची अकरा वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून खात राहिली.

नर्सने नाव पुकारलं तसा दादा उठला.

"या वयात कशाला नवे दात?" मालिनी म्हणाली. "उगाच हाल. कुस्करून खायचं."

"बहात्तर म्हणजे काही म्हातारपण नाही. असला अडाणी सल्ला कुणी शिकवला तुला?"

"तुझाच आहे. आईला फोनवर दिला होतास. तेव्हा ती अडुसष्टची होती."